परकं बी

डायरेक्टर म्हणाला, "ताई, डोळे अजून थोडे बारीक करता येतील का?"

डोळे माझेच होते. आरसा माझा, पार्लर माझं, हातातलं आयलायनरही माझंच. राजापेठेतल्या कितीतरी नवऱ्या मुलींचे डोळे मी त्या आयलायनरने मोठे करून दिले असतील. डोळे मोठे करून देणं हाच तर आमचा धंदा. बारीक करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक माझ्याकडे आजवर आलं नव्हतं. मी आरशात पाहत तशीच बसून राहिले. देवानं दिलेत त्याच्यापेक्षा अजून बारीक म्हणजे किती?

सिनेमा गुन्हेगारीचा होता. थिएटरातला नव्हे, नेटवर टाकायचा, तासाभराचा. गोष्ट बोगस बियाण्यांची. वऱ्हाडात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पुडक्यावर टपोऱ्या बोंडांचं चित्र असतं, आत काय असतं ते पेरल्यावर कळतं. सिनेमात एक टोळी असं बियाणं विकते, एक प्रामाणिक इन्स्पेक्टर तिच्या मागावर असतो, आणि शेवटी उघड होतं की या सगळ्याच्या मागे एक चिनी बाई आहे. पार्लरवाली बनून ती अमरावतीत राहते आणि आपल्या देशाची माती नासवायचा तिचा कट असतो. ती बाई म्हणजे मी.

खरं तर मला फक्त मेकअपसाठी सांगितलं होतं. चिनी बाईचं काम करायला एक मुलगी बाहेरून येणार होती, तिच्या डोळ्यांच्या कडा टेपने ओढून बसवायच्या असं ठरलं होतं. ती काही आली नाही. दुपारी आम्ही सगळे डबे सोडून बसलो होतो. डायरेक्टर घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आपल्याकडे ओरिजिनल असताना टेप कशाला?" पोरगा वाईट नव्हता. पुण्यात दोन-चार वर्षं राहून आलेला, म्हणून सेटवर पुण्याचं बोलायचा, आणि आईचा फोन आला की लगेच "हाव ना व माय, जेवून राहिलो" म्हणायचा.

मेकअपच्या खुर्चीत माझ्यासमोर रोज दोघे बसायचे, इन्स्पेक्टर आणि चोर. दोघे मावसभाऊ. एकाची जिम, दुसऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. रंग सारखा, नाक सारखं, हसताना गालाला पडणारी खळीसुद्धा सारखी. डायरेक्टरचा हुकूम असा, की इन्स्पेक्टरला दोन शेड उजळ करायचं आणि चोराला तीन शेड गडद. "बघणाऱ्याला पहिल्या फ्रेममध्येच कळलं पाहिजे, साहेब कोण आणि चोर कोण."

चोर आरशात बघून कळवळला. "ताई, मी आधीच काया हाय. अजून काया केला तं अंधारात दिसनच नाई मी."

"चोरच हायेस ना बे, नाई दिसला तं बरंच हाय," इन्स्पेक्टर म्हणाला.

"तू कायले बोलून राहिला? लहानपणी तू माह्यापेक्षा काया होता. इचार तुह्या मावशीले."

"ते तुही आई हाय बे. तुहीच बाजू घेईन ते."

संध्याकाळी दोघे माझ्या बेसिनवर तोंडं धुवायचे आणि पुन्हा एका रंगाचे होऊन एकाच गाडीवर बसून जायचे.

आता माझं सांगते. मी डोंगरातली. दार्जिलिंगच्या बाजूला एक चहाचा मळा आहे, तिथे माझी आई पानं खुडायची. घरची भाषा नेपाळी. सातवीनंतर शाळा सुटली. मी सोडली नाही, हातातून दोरी सुटावी तशी सुटली. माझी मावशी तेव्हा अकोल्याला जठारपेठेत एका पार्लरमध्ये कामाला होती, ती मला घेऊन आली. डोंगर नाही, ढग नाही, नुसती सपाट काळी जमीन आणि ऊन. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या नाकातून रक्त यायचं आणि मला वाटायचं, मी आता मरणार. पार्लरच्या मॅडम नाकावर ओला रुमाल ठेवायच्या आणि कांदा हुंगायला द्यायच्या. त्यांचे उपकार मी कुठे ठेवू?

पाट्या मात्र मला पहिल्या दिवसापासून वाचता यायच्या, कारण आमची लिपी हीच. अर्थ कळायचा नाही, अक्षर कळायचं. एकच अक्षर असं होतं जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. चौकात केळी वेफर्सची पाटी होती. त्या 'के'च्या पुढे कोणीतरी दोऱ्याला गाठ मारून ठेवल्यासारखं काहीतरी होतं. ळ. आमच्याकडे हे अक्षर नाही आणि हा आवाजही नाही. मॅडम 'केळी' म्हणायच्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे, जीभ नक्की जाते कुठे म्हणून. रात्री अंथरुणात जीभ उलटी करून करून दुखायला लागायची. मग एक दिवस मॅडमनी मला केळी आणायला पाठवलं. गाडीवाल्यापुढे उभी राहून मी नुसती बोट दाखवत होते. तो म्हणाला, "काय पायजे पोरी? केयी पायजे?"

केयी! मी तीनदा म्हणून पाहिलं. केयी, केयी, केयी. म्हणजे इथे ळ म्हणावाच लागत नव्हता. फळाला फय, शाळेला शाया, डोळ्याला डोया. माझ्या जिभेला जो आवाज येत नव्हता तो या मुलखाला नकोच होता. पुण्याला गेले असते तर जन्मभर लोकांनी माझा ळ सुधारला असता. वऱ्हाडात मी तोंड उघडलं आणि कोणी काही बोललं नाही. फोनवर तर लोकांना शंकासुद्धा येत नाही. मग समोर येतात, चेहरा बघतात आणि "ते फोनवरच्या ताई कुठी हायेत?" म्हणून विचारतात.

लग्न इथलंच केलं. नवरा वीज खात्यात लाइनमन, त्याची बदली अमरावतीला झाली आणि राजापेठेत माझं स्वतःचं छोटं पार्लर झालं. गाळा कृषी केंद्रवाल्या काकांचा. खाली त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान, वर माझं पार्लर. मी नवीन होते, चेहऱ्यावरून परकी दिसत होते, मला गाळा द्यायला कोणी तयार नव्हतं. काका म्हणाले, "आमच्या गावच्या पोट्ट्याची बायको हाय म्हणते, मंग आमचीच सून झाली." त्या दिवसापासून काकांसमोर माझी मान आपोआप खाली जाते. आणि या सिनेमाला पैसे लावणारे तेच काका.

त्यांची अट एकच होती, आणि ती त्यांनी डायरेक्टरला माझ्यासमोर सांगितली होती. "चोरबीर जे दाखवाचं ते दाखवा बाप्पा. पण मेन माणूस आपल्यातला नाई पायजे. बाहेरचा दाखवा. लोकायले बी बरं वाटते, देशाचं बी नाव राहते."

काकांचा सिनेमा, म्हणून मी नाही म्हणू शकले नाही. आणि दुसरंही एक कारण आहे. मी भित्री आहे. भाजी आणायला जाताना माझ्या पर्समध्ये आधारची झेरॉक्स असते. बसमध्ये कोणी निरखून बघितलं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. पोरं रस्त्यात "चायना, चायना" करतात. ज्या वर्षी सगळी दुनिया तोंडाला फडकं बांधून बसली होती, तेव्हा तर मला बघून लोक पलीकडच्या फुटपाथवर गेले. मी हसून घालवते. हसलं की गोष्ट लहान होते, असं मला वाटतं.

माझी लेक हसत नाही. ती सहावीत आहे, डोळे माझे, तापटपणा बापाचा. मी घरी सांगितलं की मला सिनेमात काम मिळालं, तर आधी नाचली. मग काम काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

"मंग शायेत मी काय सांगू? वर्गातले पोट्टे मले चिनी म्हणते तं मी त्यायले म्हणतो, माही आई अमरावतीची हाय. आता ते मोबाईलच दाखवतीन मले. हे पाय तुही आई. चिनी. देशाची दुश्मन."

"नाटक असते बेटा ते."

"त्यायले माहीत हाय का नाटक असते ते?" तिने विचारलं. "आई, तू नको होऊ ना चिनी."

नवरा म्हणाला, "नाई म्हणून दे ना काकाले. काय खाऊन टाकणार हाय काय तुले?" तारेवर चढणाऱ्या माणसाला बाकीच्यांची भीती समजत नाही. मी नाही म्हटलं नाही. रात्रभर लेक माझ्याकडे पाठ करून झोपली आणि सकाळी मी शूटिंगला अकोल्याला गेले.

अकोला स्टेशनवर चिनी बाई गाडीतून उतरते, हातात बॅग, अशी दृश्यं होती. डायरेक्टर कॅमेऱ्यामागून ओरडला, "ताई, इकडेतिकडे बघा. थोडं संशयास्पद." मी इकडेतिकडे बघितलं. त्यात मला काही वेगळं करावं लागलं नाही. याच प्लॅटफॉर्मवर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा गर्दीत मावशीचा हात सुटला होता आणि मी अगदी अशीच बघत होते. "परफेक्ट!" डायरेक्टर म्हणाला. मी गेटातून बाहेर पडले, ऑटोत बसले, मागे वळून बघितलं. सगळं परफेक्ट.

संवादाचं मात्र जमेना. त्याने लिहिलं होतं, "शाब, हमको कुछ नहीं मालूम, शाब."

मी म्हटलं, "भाऊ, हे शाब म्हणजे कोणती भाषा?"

"तुमचीच ना. नेपाळी लोक असंच बोलतात."

"नाई बोलत. आमच्या तोंडात श येतच नाई. आमी शहरालेबी सहर म्हणतो."

"बरं, मग चिनी लोक कसे बोलतात?"

"मले काय माहीत? मी काय चीनमधून आली काय?"

"शाब" मात्र कागदावर तसंच राहिलं. म्हणाला, लोकांना हेच ओळखीचं आहे, वेगळं काही केलं तर त्यांना खोटं वाटेल.

शेवटचं दृश्य राजापेठेत, माझ्याच पार्लरच्या खाली होतं. इन्स्पेक्टर माझा हात धरून मला जिन्यावरून ओढत आणतो, रस्त्यावर गुडघ्यावर पाडतो, मागे जीपवर तिरंगा फडकतो आणि तो म्हणतो, "ही माती आमची आई आहे. तिच्यात परकं बी रुजणार नाही!" हे वाक्य डायरेक्टरला फार आवडायचं. तालमीत तो स्वतःच म्हणून दाखवायचा आणि त्याच्या अंगावर काटा यायचा. काटा माझ्याही अंगावर यायचा. या मातीत मी लग्न केलं, लेक झाली, इथलं पाणी पिऊन माझे केस गळले आणि पुन्हा आले. आणि आता मी गुडघ्यावर बसून ऐकायचं, की परकं बी रुजत नाही.

त्या दिवशी मी एक चूक केली. शॉटला वेळ होता म्हणून एका काकूंच्या डोक्याला डाय लावायला घेतला. काकू वलगावकडच्या, वावरवाल्या, तोंडाच्या फटकळ, पण माझ्यावर जीव. महिन्या-पंधरा दिवसांनी बाजाराला आल्या की डोकं काळं करून जातात. मी डाय लावला, वर प्लॅस्टिकची टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हटलं, "काकू, अर्धा तास बसा, मी हे आलीच." आणि खाली शॉटला गेले.

खाली अर्धं राजापेठ जमलं होतं. ट्यूशनची पोरं सायकली धरून उभी, दुकानांच्या पायऱ्यांवर बाया, गाड्यांना वाट नाही. माझी लेकही शाळेतून परस्पर तिथेच आली होती, दप्तरासकट, आणि पानठेल्याच्या आडून बघत होती. काका खुर्ची टाकून समोर बसलेले.

पहिल्याच वेळी इन्स्पेक्टरने जोरात ओढलं. जिमवाला माणूस, त्याला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नाही. माझा पाय पायरीवरून घसरला आणि 'शाब' राहिलं बाजूला, माझ्या तोंडातून निघालं, "अबे हयू ना! हात मोडतं काय माहा?"

लोक असे हसले की बस. चिनी बाई इन्स्पेक्टरला 'अबे' म्हणाली. इन्स्पेक्टर घाबरून म्हणाला, "सॉरी ताई, लागलं काय?" डायरेक्टरने कपाळ धरलं.

दुसऱ्यांदा माझा संवाद नीट आला, तर गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ताई, माह्या काकूच्या पोरीची मेंदी तुमीच काढली होती ना वो?" पुन्हा कट.

तिसऱ्यांदा सगळं जमलं. मला ओढत आणलं, गुडघ्यावर पाडलं, तिरंगा फडकला. इन्स्पेक्टरने छाती भरून घेतली आणि म्हणाला, "ही माती आमची आई आहे..."

"अवो माय, माह्यं डोस्कं जयून राहिलं वो!"

जिन्यावर काकू. डोक्यावर टोपी, टोपीखालून कानावर काळे ओघळ, खांद्यावर टॉवेल. अर्ध्या तासाचा तास होऊन गेला होता. त्या मला शोधत खाली येत होत्या आणि समोर बघतात तर मी रस्त्यावर गुडघ्यांवर, आणि एक धिप्पाड माणूस माझा हात पिरगाळून उभा. कॅमेरा त्यांना दिसलाच नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि इन्स्पेक्टरच्या पाठीत हाणला.

"सोड! सोड तिले! बाईमाणसाच्या आंगाले हात लावतं काय रे भोकन्या?"

"काकू, शूटिंग हाय, शूटिंग!" इन्स्पेक्टर टॉवेल चुकवत म्हणाला. त्याच्या उजळ केलेल्या गालावर डायचा काळा पट्टा उमटला होता.

"कायची शूटिंग?"

डायरेक्टर पुढे आला. त्याने हात जोडून समजावलं. या ताई चिनी एजंट आहेत, यांनी शेतकऱ्यांना बोगस बियाणं विकलं, यांचा देशाविरुद्ध कट आहे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे? हे चिनी?"

"सिनेमात, काकू."

"अन् हे बियाणं विकते?"

"हो."

"बाप्पा! बोगस बी विकाले मानूस चीनमधून कायले यीन? मागच्या साली माह्या वावरात जे बी निघालंच नाई, ते काय चीनचं होतं काय? याच राजापेठेतून नेलं होतं मी. पक्क्या बिलासकट!"

काकूंनी कोणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी ते पुडकं कुठून नेलं होतं मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. पण राजापेठेत बियाण्याची दुकानं काही शंभर नाहीत. हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या आणि खुर्चीवर बसलेल्या काकांकडे गेल्या. ट्यूशनचं एक पोट्टं फिसकन हसलं, आणि मग जो हशा फुटला तो चौकापर्यंत गेला.

काका उठून उभे राहिले. घाम पुसला. मला वाटलं, आता गाळा गेला. काका मात्र मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंग मी हेच तं सांगून राहिलो होतो डायरेक्टरले! चोर आपलाच दाखवा. मले काय हरकत हाय? ज्याच्या मनात पाप असन त्याले हरकत!"

डायरेक्टर आ वासून त्यांच्याकडे बघत राहिला. पण आता 'बाहेरचा दाखवा' म्हणायची काकांची सोय उरली नव्हती. म्हटलं असतं तर सगळ्या राजापेठेने त्याचा एकच अर्थ काढला असता.

मी आधी काकूंना वर नेऊन त्यांचं डोकं धुतलं. कान लाल झाले होते, त्यांना खोबरेल लावलं. काकू बेसिनमध्ये वाकलेल्या, तशाच बोलत होत्या. "तू बी लय भोयी हायेस माय. कोणी चिनी म्हणलं तं चिनी होतं काय? उद्या कोणी म्हैस म्हणन, मंग रवंथ करशीन?"

मी हसत हसत रडले. पाणी चालू होतं म्हणून त्यांना कळलं नसावं.

खाली आले तर डायरेक्टर पायरीवर डोकं धरून बसला होता. मेन माणूस गेला, आता अकोला स्टेशनच्या शूटिंगचं काय करायचं? तेवढं सगळं पुन्हा करणं शक्य नव्हतं. चोर बाजूला चहा पीत होता. तो म्हणाला, "ताईले पोलीस करून टाका ना. साध्या कपड्यातली. स्टेशनवर उतरते, इकडंतिकडं पायते, ऑटोत बसते. तपास करून राहिली म्हणायचं."

सगळे हसले. मग डायरेक्टर हसायचा थांबला. त्याने मोबाइलवर स्टेशनची दृश्यं लावली आणि आवाज बंद करून बघितली. मीही त्याच्या खांद्यावरून वाकून बघितली. तीच मी, तीच बॅग, तेच मागे वळून बघणं. एकदा चिनी हेर म्हणून बघितलं तर हेर दिसत होती, आणि पोलीस म्हणून बघितलं तर पोलीस. चेहऱ्यात काहीच बदललं नव्हतं.

"फक्त म्युझिक बदलावं लागेल," डायरेक्टर हळूच म्हणाला.

मी आयुष्यात कोणाला अट घातलेली नाही. त्या दिवशी दोन घातल्या. पहिली, मी माझ्या तोंडाची वऱ्हाडी बोलणार, शाब म्हणणार नाही. दुसरी, चोराच्या तोंडाला आता गडद शेड लावणार नाही आणि इन्स्पेक्टरला उजळ करणार नाही.

"पण ताई, अर्धा सिनेमा झालाय! कंटिन्युइटी!"

"मंग लोकायले सांगजा, चोरानं आंघोय केली."

चोराने उठून माझे पाय धरले. पानठेल्यामागून दप्तर खांद्यावर असलेली माझी लेक पळत आली आणि कमरेला अशी बिलगली की मेकअपचा डबा खाली पडला. "आई, तुले टोपी देतीन का पोलिसाची?" तेवढंच तिने विचारलं.

टोपी नाही मिळाली, साध्या वेशातली होते म्हणून. लेक अजून त्यावरून रुसते.

सिनेमा नेटवर टाकायच्या आधी अकोल्याला, जठारपेठेजवळच्या एका हॉलमध्ये दाखवला. भर दुपारी. मी मॅडमना आमंत्रण दिलं होतं. त्यांचे केस आता पांढरे झालेत, पण भुवया अजून धारदार. अमरावतीहून काका गाडी भरून माणसं घेऊन आले होते, त्यात काकूही. हॉल भरला, मागे लोक उभे. लेकीने तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी आणल्या होत्या.

सुरुवातीला अकोला स्टेशन. गाडी येते, दार उघडतं, मी उतरते. माझ्या चेहऱ्याखाली आता ढोल आणि तुतारी होती. मी मागे वळून बघितलं तर हॉलमध्ये शिट्टी वाजली. अजून मी तोंडही उघडलं नव्हतं. लेकीने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

मध्ये एकदा सगळे खो खो हसले. चोर पहिल्या अर्ध्या तासात डांबरासारखा होता, आणि गोदामाच्या दृश्यात एकदम गव्हाळ. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, याले कोणती क्रीम लावली रे? मले बी सांगा!" दोन खुर्च्या सोडून बसलेला चोर उठून उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "या ताईले इचारा!"

मग शेवट. सिनेमातला बियाणेवाला शेठ, इथलाच, पांढऱ्या शर्टातला, मागच्या दाराने पळायला बघतो. गल्लीच्या तोंडाशी मी उभी असते. संवाद मीच ठरवला होता. पडद्यावरची मी कमरेवर हात ठेवून म्हणते, "पयू नका शेठ. अठले सारे बोय मले पाठ हायेत."

बोय. बोळ नव्हे, बोय. हॉल उठला. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्या वाजवणं. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. कोणीतरी "अकोल्याची वाघीण!" म्हणून ओरडलं, मॅडम डोळे पुसत होत्या, आणि लेकीच्या मैत्रिणी मागे वळून लोकांना सांगत होत्या, "हे पाहा, ह्याच हायेत! हिची आई!" माझा हात सवयीने पर्सवर गेला होता. मी तो काढला आणि टाळ्या वाजवायला लागले. स्वतःसाठीच. वाजवल्या तर काय झालं?

बाहेर आलो तर लोकांनी गराडा घातला. एक आजोबा काठी टेकत आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला माहीत होतं आता कोणता प्रश्न येणार. आयुष्यभर तोच ऐकत आलेय.

"पोरी, तू कुठली?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम बोलल्या. "कुठली म्हणजे? आमच्या जठारपेठेतली! हिला भुवया कोरायला मी शिकवलं. मराठी बोलायला मी शिकवलं."

"हे पाहा बाई," काकू मध्ये आल्या, "भुवया शिकवल्या असतीन, पण बाई आमची हाय. राजापेठेची. पार्लर अठी, नवरा अठी, पोरगी अठी."

"नाव केलं कोणत्या स्टेशनवर? अकोल्याच्या!"

"अन् पकडलं कुठी? आमच्या गल्लीत!"

इन्स्पेक्टर अमरावतीच्या बाजूने बोलायला लागला, तर चोराने मुद्दाम अकोल्याची बाजू धरली. काका म्हणाले, आमची सून आहे ती, विषय संपला. विषय संपला नाही. आजोबा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. लेक मैत्रिणींच्या मध्ये उभी राहून, दोन्ही हात हलवून, कोणत्या बाजूने ते मला कळलं नाही, पण सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

मी मध्ये पडले नाही. बाजूच्या पायरीवर बसले आणि त्यांना मनसोक्त भांडू दिलं.